पंधरा रुपयांचं लायसन आणि सिलोनचा काटा

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

हल्ली दर दोन-चार महिन्यांनी एकच वाद नव्याने पेटतो. मोबाईलवर काय दाखवावं, काय दाखवू नये, वेबसिरीजला कात्री लावावी की नाही, तरुण पोरं काय ऐकतात, रील बघून समाज कसा बिघडला वगैरे. दोन्ही बाजूंचे लोक असं बोलतात की जणू हा प्रश्न काल सकाळी जन्मला. तो तसा नाही. लोकांनी काय ऐकायचं हे सरकारने ठरवण्याचा एक मोठा प्रयोग या देशात दहा वर्षं चालला, आणि तो चालवणारा मंत्री आपल्या पुण्याचा होता. त्याची गोष्ट सांगतो. पण आधी लायसनची.

आज चाळिशीच्या आतल्यांना सांगितलं तर थट्टा वाटते, पण रेडिओ घरात ठेवायला लायसन लागायचं. बंदुकीला लागतं तसं! पोस्टात जायचं, वर्षाचे पैसे भरायचे, पासबुकासारख्या छोट्या पुस्तकात शिक्का मारून आणायचा. आमच्या लहानपणी साध्या घरगुती सेटला वर्षाला १५ रुपये होते. आमचे आण्णा हे पुस्तक रेशनकार्डाच्या जोडीने पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, आणि मुदत टळली की आई आठवण करायची, कारण उशिराचा दंड पडायचा. चौकातल्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांसाठी रेडिओ लावायचा तर त्याचं लायसन वेगळं आणि दर जास्त. तपासणीस आला अशी आवई उठली की आळीतले दोन-तीन रेडिओ एकदम मुके व्हायचे. कोणाचे ते सगळ्यांना माहीत असायचं, बोलायचं कोणी नाही.

हे लायसन काही आपल्या लोकांनी शोधून काढलेलं नव्हतं. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. कंपनी खासगी, ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, म्हणजे मुंबईच्या बाहेर फारशी मजल नाही. कमाई कशावर? तर प्रत्येक रेडिओमागे १० रुपये लायसन फी, त्यातला मोठा वाटा कंपनीला. सेट महाग, ऐकणारे मूठभर. तीन वर्षांत साऱ्या देशातली लायसनं आठ हजारांच्याही आत राहिली आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारने ती ताब्यात घेतली, आणि १९३६ मध्ये तिचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

मधल्या काळात १९३३ चा वायरलेस कायदा आला. परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं हाच गुन्हा. वरवर कारण पैशाचं, लोक फी चुकवतात म्हणून. पण इंग्रजांना हवेतून येणाऱ्या शब्दाची धास्तीही होतीच, आणि ती किती खरी होती हे १९४२ मध्ये दिसलं. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालवला. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम अडीच महिने. तेवढ्यासाठी पोलिसांनी रात्रीचा दिवस केला आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

आता गंमत बघा. इंग्रज गेले, आणि रेडिओला लायसन लावणारा कायदा तसाच राहिला. तो चालवणारे बहुतेक लोक इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले. तरीही घरगुती रेडिओचं लायसन सुटायला १९८० चं दशक निम्मं उलटावं लागलं. सरकार कोणाचंही असो, हातात आलेली किल्ली कोणी सहजासहजी परत करत नाही, हे माझं यावरचं मत.

आता आपले मंत्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, १९०३ चा. पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवलेले, स्वातंत्र्यलढ्यातले, नेहरूंच्या विश्वासातले, आणि शास्त्रीय संगीताचे खरेखुरे जाणकार. १९५२ मध्ये ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत ते खातं त्यांच्याकडे राहिलं. आजवर एवढा सलग काळ त्या खुर्चीत क्वचितच कोणी काढला असेल.

केसकरांचं म्हणणं थोडक्यात असं. संस्थानं गेली, राजाश्रय संपला, आता शास्त्रीय संगीत सांभाळणार कोण? तर रेडिओने सांभाळायचं. आणि सिनेमाची गाणी, विशेषतः विलायती वाद्यवृंदावर आणि परक्या चालींवर बेतलेली, ही लोकांची रुची बिघडवतात. म्हणून रेडिओवर त्यांचं प्रमाण घटवून दहा टक्क्यांवर आणायचं, तेही चाळणी लावून. शिवाय गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती चित्रपटाची फुकट जाहिरात होते. गायकाचं नाव सांगा, पुरे.

निर्माते बिथरले. त्यांच्या दृष्टीने रेडिओवरचं गाणं म्हणजेच तर जाहिरात. नाव घेणार नसाल तर आमची गाणीच नकोत, असं म्हणून त्यांनी प्रक्षेपणाचे करार मागे घेतले. केसकरही हटले नाहीत. परिणाम असा की शंकर-जयकिशन, नौशाद, सी. रामचंद्र, अनिल विश्वास, एस. डी. बर्मन ऐन भरात असताना, लता मंगेशकर आणि रफी रोज नवं गात असताना, भारताच्या सरकारी रेडिओवरून हिंदी चित्रपटगीत जवळजवळ नाहीसं झालं. हिंदी सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, तो काळ आकाशवाणीने असा डोळे मिटून काढला.

लोकांनी काय केलं? मोर्चा नाही, निवेदन नाही. काटा फिरवला.

समुद्रापलीकडे कोलंबोत एक ट्रान्समीटर आयताच तयार होता. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी तिथे ताकदवान लघुलहरी केंद्र उभारलं होतं. युद्ध संपलं, केंद्र सिलोनच्या सरकारकडे गेलं, आणि त्यांनी ते जाहिरातींवर चालवायला घेतलं. लघुलहरी असल्यामुळे त्याचा आवाज आपल्या गावापर्यंत खणखणीत यायचा. मुंबईचं मध्यमलहरी केंद्र खरखरायचं आणि हजार मैलांवरचं कोलंबो स्वच्छ लागायचं!

३ डिसेंबर १९५२ ला तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुरस्कर्ती एक टूथपेस्ट आणि आवाज अमीन सयानींचा. गंमत म्हणजे कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईतच. भारतीय गाणी, भारतीय निवेदक, भारतीय श्रोते, भारतातच विकली जाणारी पेस्ट. फक्त फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून हवेतून परत आपल्याच घरात यायच्या. सुरुवातीला त्यात सात गाणी लावून लोकांकडून क्रम लावून घेण्याची स्पर्धा होती, बक्षीस शंभर रुपये. सयानी पुढे अनेकदा सांगत की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि नंतर आठवड्याला साठ-पासष्ट हजारांपर्यंत गेली. ती उघडून मोजणं हाताबाहेर गेलं, म्हणून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या पायदानांची गीतमाला सुरू केली. बुधवारी रात्री आठ म्हणजे आठ. ज्यांच्या घरी सेट नव्हता ते पानाच्या ठेल्यापाशी उभे राहून ऐकायचे. आणि सकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या शेवटी सैगल लागला की आठ वाजत आले, शाळेची पिशवी उचला. घड्याळ बघायची गरज नाही.

आता इथे सरळसोट निकाल द्यायचा मोह होतो, की बघा, मंत्र्याने बंदी घातली आणि जनतेने मात केली. मला ही गोष्ट इतकी सोपी वाटत नाही. खास करून मराठी माणसाने तरी ती इतक्या सोप्या रीतीने सांगू नये.

कारण असं की सिनेमाची गाणी गेल्यावर रेडिओवर पोकळी पडली. ती भरायला आकाशवाणीने आपापल्या केंद्रांवर सुगम संगीताची निर्मिती वाढवली. चांगले कवी, चांगले संगीतकार, शास्त्रीय बैठकीचे गवई यांना बोलावून नवी गाणी करून घेतली. हिंदीत या प्रयोगाला फारसं यश आलं नाही असं म्हणतात. मराठीत आलं. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. आणि १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, त्याच केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गाणं गेलं. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून एकूण गाणी झाली छप्पन्न. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, आणि एका-दोघांनी नव्हे तर कितीतरी गळ्यांनी ती गायली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसायचे.

विचार करा, माडगूळकर आणि फडके दोघेही सिनेमातलेच. बाजाराने त्यांना वर्षभर एका कथेवर, तीन तासांच्या हिशेबाबाहेर, तिकिटाच्या खिडकीचा विचार न करता काम करू दिलं असतं का? मला नाही वाटत. तेव्हा सरकारी तिजोरीने केलेली काही कामं बाजार करत नाही हेही खरं, आणि सरकारी चाळणीला लोक जुमानत नाहीत हेही खरं. केसकरांचं चुकलं ते शास्त्रीय संगीताला जागा देण्यात नव्हे. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम त्यांनी १९५२ मध्येच सुरू केला आणि किती खेड्यांतल्या लोकांनी मोठे गवई पहिल्यांदा ऐकले ते त्या कार्यक्रमामुळेच. चुकलं ते दुसऱ्याचा आवाज बंद करण्यात. ताटात भाकरी वाढा ना भरपूर, पण त्यासाठी शेजारचा वडा उचलून का नेता?

आणि चाळणी लावणारा जाणकार असला तरी चाळणी ती चाळणीच. केसकरांच्या काळात कलावंतांच्या नव्याने चाचण्या घेतल्या, त्यांना श्रेणी लावल्या. रातंजनकरांसारखा थोर विद्वान त्या समितीच्या वर होता. तरीही मुंबईत गायक-वादक खवळले, कारण आयुष्यभर मैफली गाजवलेल्या माणसाने पुन्हा परीक्षेला बसायचं आणि शास्त्राची तोंडी उत्तरं द्यायची हे त्यांना अपमानाचं वाटलं.

पेटीचा किस्सा तर त्याहून जुना. हा केसकरांच्या माथी मारू नका, त्यांच्या आधीचा आहे. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. म्हणे हे परदेशी वाद्य, यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही. रवींद्रनाथांचाही या बंदीला पाठिंबा होता. शास्त्र म्हणून मुद्द्यात तथ्य आहे, पेटीवर मींड निघत नाही हे खरंच आहे. पण महाराष्ट्रात पेटी म्हणजे काय हे दिल्लीला कोणी सांगायचं? नाट्यपदाला पेटी, भजनाला पेटी, कीर्तनाला पेटी, तमाशाला पेटी, गणपतीच्या मेळ्याला पेटी. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक ज्या मुलखात झाला, तिथल्या रेडिओवर पेटी नाही! तीस वर्षं ही बंदी चालली, १९७१ मध्ये ती सैल झाली. पु. ल. देशपांडे हे स्वतः उत्तम पेटी वाजवणारे, आणि १९५० च्या दशकात ते आकाशवाणीच्याच नोकरीत होते. त्यांना रोज ऑफिसात जाताना काय वाटत असेल, कोण जाणे. तीस वर्षांत गावातल्या भजनी मंडळाची एकही पेटी मात्र कमी झाली नाही.

पुढची गोष्ट सरकारच्या शहाणपणाची आहे, आणि तीही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. पाच वर्षांत दिल्लीच्या लक्षात आलं की श्रोता गेला तो गेला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली. मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरी ट्रान्समीटरवरून, म्हणजे सिलोनच्याच आखाड्यात उतरून. पहिलं गाणं नरेंद्र शर्मांनीच लिहिलेलं, अनिल विश्वास यांची चाल, गळा मन्ना डेंचा, आणि ते सिनेमाचं नव्हतं, खास कार्यक्रमासाठी केलेलं होतं. तेवढी लाज राखली. पण मागोमाग चित्रपटगीतं परत आली. खुर्चीत अजून केसकरच होते, हे ध्यानात घ्या. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या खात्यात, स्वतःचं धोरण मागे घेणारे मंत्री किती असतात?

त्यानंतर दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या सगळ्यात आधी आपल्याकडे, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर. साबण, पेस्ट, डोकेदुखीच्या गोळ्या यांच्या जाहिरातीचा जो पैसा कोलंबोला जात होता तो घरी यायला पंधरा वर्षं लागली. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. सेलवर चालणारा, चामडी कव्हरातला, खांद्याला लटकवून शेतावर नेता येणारा. माझ्या मते खरी क्रांती ती. व्हॉल्व्हचा सेट दिवाणखान्यात असायचा, कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली, आणि त्याला हात लावायचा हक्क घरातल्या एका पुरुषाचा. ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात गेला. बायकांनी काय ऐकायचं ते बायका ठरवायला लागल्या. दुपारी वनितामंडळ, संध्याकाळी कामगारसभा, आणि ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, हे सगळं भाकरी थापता थापता. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेट समालोचन बांधावर बसून ऐकलेले शेतकरी मी पाहिलेत. इथेही एक कोपरखळी मारायचा मोह आवरत नाही. केसकरांना क्रिकेटही आवडायचं नाही, इंग्रज गेल्यावर हा खेळ टिकणार नाही असं त्यांचं भाकीत होतं!

आता मूळ वादाकडे. आज कात्री मागणारे आणि कात्री नको म्हणणारे दोघेही एक गोष्ट विसरतात. १९५२ मध्ये काटा लोकांच्या हातात होता. सरकारचा कार्यक्रम नको तर सिलोन, सिलोन नको तर बंद. आज माझ्या मोबाईलवर पुढचं गाणं कोण लावतं? मी नाही लावत. एक रील थांबून बघितली की तशाच पन्नास येतात, आणि त्या का येतात हे विचारायला कुठे खिडकीही नाही. केसकरांनी निदान संसदेत उत्तर दिलं, वर्तमानपत्रात टीका सोसली. आणि कुठल्याही कंपनीच्या गणितात आमच्या तालुक्याची बोली, आमच्या भागातला पाऊस, आमच्या बाजार समितीचे भाव बसत नाहीत, कारण त्याला पुरेसे डोळे मिळत नाहीत.

ते काम अजून रेडिओची प्रादेशिक केंद्रं करतात, आणि तीच एकेक करून आवळली जात आहेत. जून २०२३ आठवतोय का? पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला होता. ओरड झाली, सगळ्या पक्षांचे लोक बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. म्हणजे बोललं की होतं. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हेही लक्षात असू द्या. कात्रीसाठी निवेदनं देणाऱ्यांनी आणि कात्रीविरुद्ध पोस्टी लिहिणाऱ्यांनी एकेक निवेदन यासाठीही द्यावं. स्थानिक केंद्रावर स्थानिक माणसांनी केलेले किती तास रोज लागतात आणि दिल्ली-मुंबईहून जोडलेले किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. मी आमच्या जवळच्या केंद्राबद्दल अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन.

तोवर एक काम करा. जुन्या ट्रंकेत, माळ्यावर कुठे रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं तर फोटो कमेंटमध्ये टाका. नाव-पत्ता झाकून टाका. वर्ष, फीची रक्कम आणि पोस्टाचा शिक्का दिसला पाहिजे. आमच्या आण्णांच्या पुस्तकातला शेवटचा शिक्का पुसट झालाय, वर्ष लागत नाही. कोणाकडे शेवटच्या दोन-तीन वर्षांचं स्वच्छ पुस्तक असेल तर मला ते हवंय.